एका मिनिटातले श्वास

आजारी बाळाचे झबले वर करायचे. ते रडत नसेल, अंगावर पीत नसेल अशी वेळ गाठायची आणि घड्याळ समोर धरून पुरे एक मिनिट त्याच्या पोटाची वरखाली होणारी हालचाल मोजायची. बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल आणि श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त भरले, एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा जास्त भरले, तर खोकला असलेल्या त्या मुलाला न्यूमोनिया आहे असे धरून चालायचे. श्वास घेताना बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल तर आजार आणखी पुढे गेला आहे असे समजायचे. याला यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही, डॉक्टरही लागत नाही. गेल्या चाळीसेक वर्षांत लहान मुलांच्या न्यूमोनियावर जगभर जे काम झाले, त्याचा पाया ही मोजणी आहे. तरीही २०१९ साली जगात पाच वर्षांखालची सुमारे ७ लाख ४० हजार मुले न्यूमोनियाने गेली. त्या वयातल्या एकूण मृत्यूंपैकी हे १४ टक्के होतात.

या आजाराविषयीचे ज्ञान कमी नाही, औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. माणूस दगावतो तो बहुतेक वेळा आजार ओळखायला आणि उपचारापर्यंत पोचायला उशीर झाल्यामुळे. दुसरीकडे, साध्या सर्दी-खोकल्यासाठी अँटिबायोटिकच्या बाटल्यांमागून बाटल्या रिकाम्या होतात. हा उशीर आणि ही घाई एकाच दुर्लक्षातून येतात असे माझे मत आहे. रुग्णाची छाती उघडी करून मिनिटभर तिच्याकडे कोणी पाहतच नाही.

श्वासच का मोजायचा, हे आजाराच्या घडणीत आहे. फुफ्फुसात श्वासनलिकांच्या टोकांना कोट्यवधी वायुकोश असतात आणि त्यांच्या अतिशय पातळ भिंतींतून ऑक्सिजन रक्तात उतरतो. जंतू तिथवर पोचले की शरीर त्यांच्यावर पांढऱ्या पेशी सोडते. या झटापटीत वायुकोशांत हवेच्या जागी पाणी, पू आणि पेशी साचतात. फुफ्फुसाचा तेवढा भाग यकृतासारखा घट्ट होतो. डॉक्टर पाठीवर बोट ठोकून पाहतात तेव्हा त्या जागी आवाज बद्द येतो आणि स्टेथोस्कोपमधून चरचर ऐकू येते. रक्ताला ऑक्सिजन कमी पडू लागला की मेंदू श्वासाचा वेग वाढवतो. फुफ्फुसे ताठरल्यामुळे हवा आत घ्यायला जोर लावावा लागतो, आणि बाळाच्या बरगड्या कोवळ्या असल्याने त्या जोराने छातीची भिंतच आत खेचली जाते. ताप कशानेही येतो, खोकला सर्दीनेही येतो. वाढलेला श्वास आणि आत जाणारी छाती मात्र फुफ्फुसाची अडचण थेट सांगतात.

हे जंतू बहुधा बाहेरून नव्याने येतात असेही नाही. न्यूमोनियाचा सर्वांत महत्त्वाचा जिवाणू म्हणजे न्यूमोकोकस. तो कितीतरी धडधाकट मुलांच्या नाका-घशात निवांत राहत असतो. झोपेत घशातला स्राव थोडा थोडा श्वासनलिकेत उतरतच असतो आणि निरोगी माणसाची श्वासनलिका तो बाहेर लोटते. फ्ल्यूसारख्या विषाणूने श्वासनलिकेचे अस्तर सोलवटून निघाले, माणूस दारूच्या नशेत पडला, अर्धांगवायूने गिळणे बिघडले किंवा कुपोषणाने प्रतिकारशक्ती खचली, की हा पहारा मोडतो. १९१८ च्या फ्ल्यूच्या साथीत भारतात एक कोटीहून अधिक माणसे गेली. ती साथ मुंबई बंदरातून देशात पसरली. त्या साथीतल्या मृत्यूंचा पुढे अभ्यास झाला तेव्हा दिसले की बहुतेकांना फ्ल्यूनंतर जडलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने नेले होते.

न्यूमोकोकस सापडला १८८१ साली, दोन ठिकाणी आणि स्वतंत्रपणे. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांना तो रेबीजने दगावलेल्या एका मुलाच्या लाळेत मिळाला, तर अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांना स्वतःच्याच लाळेत. न्यूमोनियाशी त्याचे नाते त्यानंतरच्या काही वर्षांत स्पष्ट झाले. १८८४ मध्ये बर्लिनमध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी न्यूमोनियाने मेलेल्या माणसांच्या फुफ्फुसांचे काप रंगवताना जिवाणू रंगवण्याची जी पद्धत शोधली, ती आजही प्रत्येक प्रयोगशाळेत त्यांच्याच नावाने चालते. औषध यायला मात्र आणखी अर्धे शतक गेले. तोपर्यंत सातव्या-आठव्या दिवसाच्या सुमारास घाम फुटून ताप एकदम उतरला तर रुग्ण वाचला, नाहीतर गेला, एवढेच वैद्यांच्या हाती होते. १९३८ मध्ये बर्मिंगहॅमच्या एका रुग्णालयात सल्फापायरिडिन हे औषध १०० रुग्णांना दिले आणि १०० जणांना दिले नाही. औषध न मिळालेल्यांत २७ जण गेले, मिळालेल्यांत ८. हेच औषध एम अँड बी ६९३ या नावाने ओळखले जाई. डिसेंबर १९४३ मध्ये ट्युनिसजवळ विन्स्टन चर्चिल न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले तेव्हा याच गोळ्यांनी ते बरे झाले. पेनिसिलीनने चर्चिल वाचले ही कथा सगळीकडे फिरते, पण ती खरी नाही. पेनिसिलीन लवकरच सर्वसामान्यांच्या हाती आले आणि न्यूमोनिया बरा होणारा आजार ठरला.

तरीही त्यानंतर चाळीस वर्षांनी गडचिरोलीच्या खेड्यांत मुले न्यूमोनियाने मरतच होती. औषध होते, पण ते तालुक्याच्या गावी. आजार असे जंगलातल्या पाड्यावर आणि पावसाळ्यात मधला नाला भरलेला. अभय आणि राणी बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था इथे सुरू केली तेव्हा त्या भागातला अर्भकमृत्युदर हजार जन्मांमागे १२१ होता. न्यूमोनियाची मुले दवाखान्यात येतील याची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. तोपर्यंत पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान यांच्यासारख्या बालरोगतज्ज्ञांनी दाखवून दिले होते की जलद श्वास आणि आत ओढली जाणारी छाती या दोन खुणांवरून एक्स-रेशिवायही न्यूमोनिया पुरेशा विश्वासाने ओळखता येतो. त्या खुणा खेड्यातल्या माणसाच्या हाती देता येतील का, हा गडचिरोलीतला प्रश्न होता.

‘सर्च’ने ५८ गावांत हे करून पाहिले आणि तुलनेसाठी ४४ गावे ठेवली. आरोग्य कर्मचारी, गावातले आरोग्यसेवक आणि बाळंतपणे करणाऱ्या सुइणी यांना मुलांचा न्यूमोनिया ओळखायला आणि को-ट्रायमोक्साझोल हे तोंडाने घ्यायचे औषध द्यायला शिकवले. आईबापांना कोणत्या खुणा दिसल्या की धावत यायचे ते सांगितले. अडचण आली ती मोजणीची. यांतल्या बऱ्याच सुइणी निरक्षर होत्या, त्यांना ५० पर्यंत आकडे म्हणता येत नव्हते. त्यांच्यासाठी श्वास मोजायचे एक साधे साधन बनवले गेले. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलो तर न्यूमोनिया. वेगवेगळ्या वयांसाठी मण्यांची वेगळी ओळ. बालरोगतज्ज्ञाच्या निदानातला सर्वांत मोलाचा भाग अशा रीतीने शाळेत न गेलेल्या बाईच्या हातात आला. भारतीय वैद्यकात यंत्रसामग्रीवर जेवढे लिहिले-बोलले जाते, त्याचा एक अंशही या मण्यांच्या वाट्याला आला नाही याची मला खंत वाटते.

जानेवारी १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. कार्यक्रमाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. या कार्यकर्त्यांनी ज्या ६१२ मुलांवर उपचार केले, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांमध्ये तेच १३.५ टक्के होते. शेजारशेजारच्या गावांत राहणारी, एकाच जंगलातली, सारख्याच गरिबीतली ही मुले. फरक पडला तो औषध आजाराच्या दारात असल्यामुळे.

पुढे याच गावांत नवजात बाळांकडे लक्ष गेले. नवजात बाळाचा न्यूमोनिया वेगळा असतो. ते खोकतही नाही, तापतही नाही. कधी अंग गारच पडते. ते दूध ओढेनासे होते, रडणे क्षीण होते, हातपाय ढिले पडतात. अशा बाळाला घरी जाऊन तपासणाऱ्या आणि गरज पडल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देणाऱ्या गावातल्याच बायका ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार झाल्या. १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. देशभर आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी भेट देते, बाळाचे वजन करते, त्याचा श्वास पाहते, त्यामागे हे काम आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ‘सांस’ नावाची मोहीम सुरू केली. बालन्यूमोनियाचे मृत्यू हजार जिवंत जन्मांमागे तीनपेक्षा खाली आणण्याचे उद्दिष्ट तीत आहे. आशाताईने धोक्याची मुले ओळखावीत, अमॉक्सिसिलीनची पहिली मात्रा गावातच मिळावी आणि गंभीर बाळाला पुढे पाठवताना इंजेक्शन देऊनच पाठवावे असे ठरले. कागदावर हे नेमके आहे. पण ज्या महिन्यात आशाताईच्या पिशवीत अमॉक्सिसिलीन नसते, त्या महिन्यात मोहिमेचे नाव बाळाच्या कामाचे नाही. औषधसाठा हा कारकुनी विषय मानला जातो. माझ्या मते तो उपचाराचाच भाग आहे.

को-ट्रायमोक्साझोलची जागा अमॉक्सिसिलीनने घेतली कारण पहिल्या औषधाला न्यूमोकोकस फार मोठ्या प्रमाणावर दाद देईनासा झाला. मात्र न्यूमोनियापुरते पाहिले तर पेनिसिलीनच्या कुळातल्या औषधांवर भरवसा ठेवता येतो. म्हणून भारी, नव्या, महाग अँटिबायोटिकपेक्षा साधे अमॉक्सिसिलीन योग्य मात्रेत देणे बहुतेक मुलांसाठी सरस असते. पाण्यात विरघळणारी त्याची गोळी बाटलीतल्या औषधापेक्षा साठवायला, न्यायला आणि मात्रा मोजायला सोपी. किती दिवस द्यायचे, यावरही भारतातच चांगले संशोधन झाले. देशातल्या सात मोठ्या रुग्णालयांत २,१८८ मुलांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची छाती आत ओढली जात नव्हती, फक्त श्वास जलद होता, अशा मुलांत तीन दिवसांच्या औषधाने ८९.५ टक्के आणि पाच दिवसांच्या औषधाने ८९.९ टक्के मुले बरी झाली. फरक नाही म्हटले तरी चालेल. छाती आत ओढली जाणाऱ्या मुलालाही, धोक्याची दुसरी खूण नसेल तर, तोंडाने औषध देऊन घरी बरे करता येते हे पाकिस्तानातल्या अभ्यासांनी दाखवले आणि २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तशा सूचना काढल्या. इंजेक्शन म्हणजे जोरदार औषध आणि गोळी म्हणजे कमजोर, या समजुतीला इथे आधार उरत नाही. पण मूल काही पीत नसेल, सगळे ओकून टाकत असेल, झटके आले असतील, गुंगीत असेल, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठायला हवे.

इथे एक अवघड गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जलद श्वासाची प्रत्येक केस जिवाणूंची नसते. बांगलादेश, केनिया, मालीसह सात देशांतला एक मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला. रुग्णालयात दाखल झालेल्या आणि एक्स-रेत न्यूमोनिया दिसलेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुलांत कारण विषाणू ठरले, सुमारे २७ टक्क्यांत जिवाणू. एकूण कारणांत आरएसव्ही या एकट्या विषाणूचा वाटा जवळजवळ एक तृतीयांश होता. याचा अर्थ श्वास मोजून दिलेले औषधही अनेक मुलांना विनाकारण मिळते. मग ते द्यायचे का? खेड्यात, जिथे मूल संध्याकाळी परत दाखवायला येईल याची खात्री नाही, तिथे द्यायचे, यात मला शंका नाही. जिवाणू आणि विषाणू यांतला फरक खाटेजवळ सांगणारी खात्रीची चाचणी अजून आपल्या हातात नाही आणि चूक झालीच तर ती औषध न देण्याच्या बाजूने महाग पडते. पण ज्याचा श्वास नेहमीसारखा आहे, छाती शांत आहे, मूल खेळते आहे, त्याच्या शेंबडाला आणि खोकल्याला अँटिबायोटिक देण्याचे कारण नाही. शहरातल्या आईनेही हे डॉक्टरांना विचारावे: श्वास किती भरले?

श्वासाच्या जोडीला आता रक्तातला ऑक्सिजन मोजता येतो. करोनाच्या काळात घराघरांत पोचलेला पल्स ऑक्सिमीटर न्यूमोनियातही तेवढाच उपयोगी आहे. मुलात आकडा ९० च्या खाली असेल तर ऑक्सिजन लावावाच लागतो. नखाला रंग असेल, हात गार असतील तर आकडा चुकतो. सावळ्या-काळ्या त्वचेवर हे यंत्र ऑक्सिजन आहे त्यापेक्षा थोडा जास्त दाखवू शकते, तेव्हा आकडा बरा असूनही रुग्ण धापत असेल तर विश्वास धापेवर ठेवावा. ऑक्सिजनला आपण शेवटचा उपाय समजतो. ‘ऑक्सिजनवर ठेवलंय’ हे वाक्य घरात रडारड सुरू करते. वास्तविक ते न्यूमोनियाचे औषधच आहे, आणि वेळेवर मिळाले तर फार परिणामकारक. पापुआ न्यू गिनीतल्या रुग्णालयांत हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारी यंत्रे आणि पल्स ऑक्सिमीटर दिल्यावर न्यूमोनियाच्या मुलांतले मृत्यू जवळजवळ ३५ टक्क्यांनी घटले. ढाक्यात डॉ. मोहम्मद जोबायेर चिश्ती यांनी त्याही पुढचे केले. बाळाच्या श्वासमार्गात हलका दाब टिकवून वायुकोश मिटू न देणारी यंत्रे महाग असतात. त्यांनी नळीचे दुसरे टोक शॅम्पूच्या रिकाम्या बाटलीतल्या पाण्यात बुडवून तोच दाब मिळवला. २०१५ मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात नेहमीच्या पद्धतीने ऑक्सिजन मिळालेल्या मुलांत १५ टक्के मृत्यू झाले, बुडबुड्यांच्या पद्धतीत ४ टक्के. प्रशिक्षित परिचारिका आणि डॉक्टरांची नजर त्यामागे होती हे विसरता कामा नये. बाटली एकटी काही करत नाही.

मोठ्या माणसांचा न्यूमोनिया हे वेगळे प्रकरण आहे. तरुणाला तो बहुधा थंडी वाजून, सडकून ताप येऊन, श्वास घेताना छातीत कळ येऊन, गंजलेल्या रंगाचा बेडका पडून होतो आणि ओळखायला सोपा असतो. म्हाताऱ्या माणसात असे काही दिसत नाही. ताप नसतो, खोकला नावाला. आजोबा सकाळपासून असंबद्ध बोलतात, जेवत नाहीत, न्हाणीघरात तोल जाऊन पडतात. घरचे म्हणतात वय झाले. तो न्यूमोनिया असू शकतो आणि इथेही श्वास मोजल्याने उत्तर मिळू शकते. मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात, ३० झाले की ती धोक्याची घंटा. डॉक्टर ज्याला कर्ब-६५ म्हणतात त्या गुणपद्धतीत पाचच गोष्टी पाहतात: बुद्धीचा गोंधळ, रक्तात वाढलेला युरिया, श्वासाचा वेग ३० किंवा जास्त, खाली गेलेला रक्तदाब, वय ६५ किंवा पुढे. एखादाच गुण असेल तर घरी उपचार होऊ शकतो. तीन किंवा जास्त असतील तर रुग्णालयात, कदाचित अतिदक्षता विभागातही. खासगी रुग्णालयात दाखल करावे की नाही या प्रश्नाने ज्या कुटुंबाची झोप उडते, त्याने हे पाच प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवायला हरकत नाही.

औषधाच्या निवडीत भारतात एक सापळा आहे, तो क्षयाचा. जगातल्या क्षयरुग्णांपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त आपल्याकडे आहेत आणि क्षय न्यूमोनियाचे सोंग घेऊन येतो. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधे क्षयाच्या जंतूलाही थोडी दाबतात. रुग्णाला आठवडाभर बरे वाटते, थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि निदान महिनाभर लांबते. म्हणून मोठ्या माणसाच्या साध्या न्यूमोनियात हे औषध पहिल्या फटक्यात वापरू नये. त्याऐवजी अमॉक्सिसिलीन किंवा त्याच्या जोडीला डॉक्सिसायक्लीन अथवा अझिथ्रोमायसिन. खोकला दोन आठवड्यांहून जुना असेल तर थुंकीची तपासणी व्हायलाच हवी, ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. मधुमेह्यांत क्लेबसिएला, फ्ल्यूनंतर स्टॅफिलोकोकस, पश्चिम किनारपट्टीवर पावसाळ्यात माती-पाण्यातून येणारा मेलिऑयडोसिस, अशा शक्यता डॉक्टरांच्या मनात असाव्या लागतात. सौम्य न्यूमोनियात ताप उतरून दोन दिवस झाले, श्वास आणि रक्तदाब ताळ्यावर आले तर पाच दिवसांचे औषध बहुधा पुरते. उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळेसाठी कपाटात ठेवू नयेत.

स्टेरॉइडबद्दल सांगितले पाहिजे कारण त्याचा गैरवापर सर्रास होतो. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या गंभीर न्यूमोनियाच्या रुग्णांना हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ११.९ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आले. हे मोठे यश आहे. पण ते जिवावर बेतलेल्या, अतिदक्षता विभागातल्या रुग्णांपुरते आहे. फ्ल्यूच्या न्यूमोनियात ते घातक ठरू शकते. गावच्या दवाखान्यात प्रत्येक खोकल्याला ‘लवकर आराम पडावा’ म्हणून टोचलेल्या स्टेरॉइडला यातून कसलाही पाठिंबा मिळत नाही.

अर्धांगवायूनंतर किंवा विस्मरणाच्या आजारात घास श्वासनलिकेत उतरून होणारा न्यूमोनिया घरच्या माणसांच्या हाताने टळू शकतो. रुग्णाला सरळ बसवून भरवावे, घाई करू नये, जेवल्यावर लगेच आडवे करू नये. आणि दात घासावेत. जपानमधल्या ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे एक अभ्यास झाला. ज्यांचे तोंड जेवणानंतर नेमाने साफ केले गेले त्यांच्यात न्यूमोनिया ११ टक्क्यांना झाला, बाकीच्यांत १९ टक्क्यांना. दात नसलेल्यांनाही फायदा झाला. अंथरुणाला खिळलेल्या आजीच्या तोंडाची स्वच्छता ही सेवेतली शेवटची बाब मानली जाते, ती पहिल्या दोनांत असायला हवी.

लशींच्या बाबतीत महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट घडली आहे. न्यूमोकोकसचे शंभरहून अधिक प्रकार आहेत, त्यांतले थोडेच बहुतेक गंभीर आजार घडवतात आणि लस त्यांच्याविरुद्ध असते. गांबियात ९ प्रकारांविरुद्धची लस देऊन पाहिली तेव्हा एक्स-रेत दिसणारा न्यूमोनिया ३७ टक्क्यांनी आणि एकूण बालमृत्यू १६ टक्क्यांनी घटले. हा निष्कर्ष २००५ सालचा. पण खासगी दवाखान्यात एका मात्रेला काही हजार रुपये पडत, त्यामुळे ज्याला ती सर्वांत जास्त हवी त्याच मुलाला ती मिळत नव्हती. सार्वत्रिक लसीकरणात ती २०१७ मध्ये हिमाचल प्रदेश आणि उत्तर प्रदेश-बिहारच्या काही जिल्ह्यांत आली, २०२१ मध्ये देशभर. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने १० प्रकारांविरुद्ध बनवलेली ‘न्यूमोसिल’ डिसेंबर २०२० मध्ये बाजारात आली आणि परदेशी लशींच्या तुलनेत तिची किंमत बरीच कमी होती. आता बाळाला सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने या वयात ही लस सरकारी केंद्रात फुकट मिळते. हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी या दुसऱ्या न्यूमोनियाकारक जिवाणूविरुद्धची लस पंचगुणी लशीत आहेच. गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लशीही न्यूमोनिया टाळतात. मोठ्यांमध्ये ६५ वर्षांपुढचे, मधुमेही, जुनाट दमा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले, प्लीहा काढलेले यांनी न्यूमोकोकसची आणि दरवर्षी फ्ल्यूची लस घ्यावी. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरच्या सुमारे ८५ हजार जणांवर झालेल्या अभ्यासात लशीतल्या प्रकारांचा न्यूमोनिया ४६ टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे वडिलांच्या साठीशांतीवर खर्च करणारी घरे त्यांच्या लशीचा विचार करत नाहीत, आणि डॉक्टरही आठवण करत नाहीत.

आजाराची मुळे घरात आणि ताटात आहेत. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, पुरेसे वजन, गर्दी नसलेली झोपायची जागा यांचा परिणाम निर्विवाद आहे. मेळघाटातल्या कुपोषित मुलासाठी पावसाळ्यातली सर्दी जिवावर बेतते ती म्हणूनच. धुराबद्दल चित्र तितके सरळ नाही. चुलीऐवजी गॅस दिला की अर्भकांचा गंभीर न्यूमोनिया घटेल अशी अपेक्षा होती. ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि तमिळनाडूत हे करून पाहिले. २०२४ मध्ये निष्कर्ष आला की म्हणावा असा फरक पडला नाही. धूर निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नव्हे. आईच्या डोळ्यांना, फुफ्फुसांना आणि हृदयाला तो घातकच आहे. पण नुसता सिलिंडर देऊन न्यूमोनिया हटणार नाही. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडी आणि धुरी देण्याची रीत मात्र आजच सोडावी. नवजात फुफ्फुसांवर तो भार कशाला? छातीला डाग देणे, बिब्ब्याचे चटके देणे यांनी आजार बरा होत नाही, वर जखम चिघळते आणि दवाखान्याचा दिवस हातचा जातो.

बरे झाल्यावरही काही आठवडे जपावे लागते. ताप दोन-तीन दिवसांत उतरतो, पण थकवा आणि खोकला महिनाभर रेंगाळू शकतो आणि एक्स-रेवरची सावली त्याहून उशिरा जाते. त्यामुळे रुग्ण बरा असताना आठव्या दिवशी पुन्हा एक्स-रे काढून घाबरू नये. पन्नाशीच्या पुढच्या किंवा विडी-सिगरेट ओढणाऱ्या माणसाने मात्र सहा आठवड्यांनी एक्स-रे जरूर करून घ्यावा, कारण सावलीआड गाठ लपलेली असू शकते. मुलाला दर तीन-चार महिन्यांनी फुफ्फुसाच्या एकाच भागात न्यूमोनिया होत असेल तर श्वासनलिकेत शेंगदाणा किंवा मणी अडकला आहे का, हे पाहावे. ज्येष्ठांमध्ये न्यूमोनियानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला असतो. त्यामुळे रक्तदाब आणि हृदयाच्या चालू गोळ्या आजारपणातही डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत आणि या काळात छातीत दुखले तर तो न्यूमोनियाचाच उरलेला त्रास समजून घरी बसू नये.